एका माणसाचं घर

आर्किटेक्ट बाईंकडे जायचं म्हटलं की आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालायचे. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नाला चुरगळलेल्या शर्टात आलेला माणूस! निवृत्तीनंतर राहायला छोटंसं घर बांधायचं होतं, म्हणून सुरुवातीला मी काही बोलले नाही. मग जेवतानाही बाई सुरू झाल्या. बाई म्हणाल्या, उत्तरेचा उजेड चांगला. बाई म्हणाल्या, छत जरा उंच हवं. मी इतकी वर्षं बोलतेय ते यांच्या एका कानातून आत जातं नि दुसऱ्यातून बाहेर पडतं, आणि बाईंचा शब्दन् शब्द पाठ. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"तू पण चल की एकदा," हे म्हणायचे, तेही बूट घालून झाल्यावर.

"तुम्हाला हवं ते करा," मी म्हणायचे.

तर एकदाचा नकाशा आला. यांनी तो टेबलावर पसरला. खिडकीखाली यांचं घड्याळं दुरुस्त करायचं टेबल. एक अख्खी भिंत पुस्तकांची. स्वयंपाकघर कपाटाएवढं, आणि झोपायच्या खोलीत एका माणसाचा पलंग.

"कसं वाटलं?" यांनी विचारलं. पलंग यांच्या लक्षातही आला नव्हता.

"छान," मी म्हणाले. त्या बाईने मला पद्धतशीर उडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच तिच्या ऑफिसात जाऊन थडकले. वाटलं होतं, कुणीतरी नटवी असेल. निघाल्या माझ्याच वयाच्या. चष्मा डोक्यावर, आणि शोधत होत्या टेबलावर. मी यांची बायको आहे म्हटल्यावर त्या उठून उभ्याच राहिल्या.

"म्हणजे... तुम्हीही राहणार आहात तिथे?"

माझं भांडण तोंडातच राहिलं.

मग बाईंनी सांगितलं. नकाशा काढण्याआधी त्या प्रत्येकाला म्हणतात, नव्या घरातला तुमचा एक दिवस सांगा. यांनी सकाळच्या चहापासून रात्री दिवा मालवेपर्यंत सगळं रंगवून सांगितलं होतं. त्यात मी कुठेच नव्हते.

"मला वाटलं, ते एकटे आहेत. मी विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

बाईंवर जळणं सोपं होतं. आता कुणावर जळायचं? त्या चहाच्या कपावर? यांच्या दिवसात निदान त्याला तरी जागा होती. मला रडूच आलं, आणि तेही नेमकं त्यांच्यासमोर.

बाईंनी आम्हा दोघांना एकत्र बोलावलं. घोटाळा कळल्यावर हे कावरेबावरे झाले.

"अगं, तू तर असणारच ना! ते काय वेगळं सांगायचं?"

"सांगावं लागतं," बाई म्हणाल्या आणि कोरा कागद घेऊन माझ्याकडे वळल्या. "आता तुमचा दिवस."

मी सुरू केलं. ओट्यासमोर खिडकी हवी. कपडे वाळत घालायला ऊन हवं. "आणि दुपारी मास्तर येतात व्हायोलिन शिकवायला. त्यासाठी एक खोली हवी. दोन खुर्च्या मावतील आणि दार लावून घेता येईल अशी."

"कसले मास्तर?" हे म्हणाले.

"व्हायोलिनचे. तुम्ही ऑफिसात असता तेव्हा येतात. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"दार कशाला लावायचं पण?"

"आवाजाचा तुम्हाला त्रास नको म्हणून."

यांचे कान लाल झाले. "वय काय त्यांचं?"

"मी नाही विचारलं. केस काळेभोर आहेत."

कान आणखी लाल. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बाई मान खाली घालून रेघा मारत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

हे खुर्ची सरकवून माझ्या बाजूला आले आणि कागदावर वाकले. यांनी त्या दोन खुर्च्यांच्या खोलीवर बोट ठेवलं.

"बाई," हे म्हणाले, "इथे तिसरी खुर्ची बसेल का हो?"