भिंगाला तडा

छापखान्यात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. छापखाना नवऱ्याचा, पण मुद्रितं तपासायचं काम तिचं. तिच्या नजरेतून साधा अनुस्वारही निसटत नसे. नवरा गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगे, “आमच्याकडे चूक शोधून दाखवा, छपाई फुकट.”

आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. “दगदग झाली असेल, पड जरा,” नवरा म्हणाला. दुसऱ्या दिवशी रक्तदाब इतका चढला की तिला झटके आले आणि घाईघाईने शस्त्रक्रिया करून मुलीला बाहेर काढावं लागलं. दोघी वाचल्या. घरी आणताना त्याला वाटलं, जिवावरचं शेपटावर निभावलं.

चार महिन्यांनी ती पुन्हा घराखालच्या छापखान्यात कामाला बसली. एकच पान तीन-तीनदा वाचायची. बरोबर शब्दांखाली लाल रेघा, चुकलेले तसेच. मुलीच्या दुधाच्या वेळा तळहातावर लिहून ठेवायची.

“मला मुलीला आंघोळ घालायची भीती वाटते,” ती एकदा म्हणाली. “हातात ती आहे हेच विसरले तर?”

“आम्ही काय बाळंत झालो नाही?” सासू म्हणाली. “चार दिवस नीट झोपली की येईल ताळ्यावर.” नवऱ्यालाही ते पटलं. खरं तर, पटवून घेणं सोयीचं होतं.

मग एका शाळेच्या वार्षिक अंकावर मुख्याध्यापकांचंच नाव चुकीचं छापलं गेलं. मुखपृष्ठं पुन्हा छापावी लागली. यंत्रावरच्या माणसांसमोर तो म्हणाला, “काय करणार, आमच्या भिंगाला तडा गेलाय.”

सगळे हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून ती खाली उतरली नाही. त्यानेही बोलावलं नाही. एका निवृत्त शिक्षकाला काम दिलं आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला.

मुलीला लस टोचायला दोघं गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासलं आणि आईकडे बघतच राहिल्या. “तुम्हाला झोप लागते का?”

“मुलगी झोपते. माझा डोळा लागला की तो दिवा दिसतो, शस्त्रक्रियेचा. मी मेलेय आणि कुणाला कळलंच नाहीये, असं वाटतं.”

शेजारी बसलेला नवरा हे पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

बाई त्याच्याकडे वळल्या. “रक्तदाब उतरला की आजार संपला, असं सगळ्यांना वाटतं. पण अशा बाळंतपणानंतर काहीजणींच्या मेंदूला आणि मनाला सावरायला बराच वेळ लागतो. लक्ष टिकत नाही, आठवत नाही, भीती बसते. हा काही आळस नाही. यांना आधीच आणायला हवं होतं.”



बाईंनी ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषधं सुरू झाली, दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. वर्ष गेलं. ती झोपू लागली, मुलीला एकटी आंघोळ घालू लागली. ओळीखाली पट्टी धरून वर्तमानपत्र वाचू लागली. फक्त छापखान्याचं नाव काढलं की मान हलवायची. “का ते सांगता येत नाही. पण तिथं नको.”

एका दुपारी दोघं वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. बरेच दिवस मनात अडकलेलं त्याने कसंबसं बाहेर काढलं. “त्या दिवशी खाली सगळ्यांसमोर मी तुला बोललो, ते फार वाईट बोललो.”

तिचे हात थांबले. ती मनापासून आठवू लागली.

“कधी रे? काय म्हणाला होतास?”

ती टाळत नव्हती. तिला खरोखरच आठवत नव्हतं. आता माफी मागायची, तर तेच वाक्य पुन्हा तिच्या तोंडावर उच्चारावं लागणार होतं.

“काही नाही,” तो म्हणाला, आणि मुलीचा फ्रॉक घडी घालायला उचलला.