निळ्या शिडीची लाल चिंधी

मी शिडी बोलतेय. निळीशार दिसते ना? पण माझ्या रंगाचं कौतुक करू नका. त्या रंगानेच माझ्या जिवाला घोर लावला होता.

माझा जन्म याच शेतघराच्या अंगणात झाला. मालकांनी स्वतःच्या हाताने लाकूड तासून मला उभं केलं, तेव्हा त्यांची लेक रांगत होती. पुढे ती माझ्यावरून छपरावर चढली आणि उतरताना रडली. धपाटा तिला बसला, बोलणी मात्र मी खाल्ली.

एरवी मालक कधीमधी वापरतात तेवढंच, बाकी मी गोठ्यामागे पडून असते. माझी खरी आठवण येते ती उन्हाळ्यात, लेक-जावई आणि नात आले की. लेक पिशव्या ठेवत नाही तोच ओढणी खोचते. "बाबा, यंदा काय काय काढायचं?" खिडक्यांना रंग, कुंपणाची डागडुजी, पन्हळीतला पाला. मालकीणबाई म्हणतात, "अगं, माहेरी आलीस की मजुरीला?"

गेल्या थंडीत माझ्या वरच्या एका पायरीला भेग पडली. मालकांनी तिला लाल चिंधी बांधली. चिंधी दिसली की ती पायरी सोडून वर जायचं, ही खूण त्यांनी स्वतःपुरतीच ठेवली. "उद्या बदलतो," म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही. आणि खरं सांगू? हल्ली चढताना ते मध्येच थांबतात, कपाळ माझ्यावर टेकवून दम घेतात. हे घरात कुणालाच माहीत नाही. फोनवर लेकीला सांगतात, "सगळं झकास आहे!"

यंदा खिडक्यांचा निळा रंग उरला. मालक मळ्यात गेलेले पाहून नातीने मला अंगणात आडवं घातलं. आजोबांना गंमत दाखवायची होती तिला. चिंधी सोडली, धुतली, वाळत घातली. मग मला नखशिखांत रंगवलं. भेग पार बुजली. पोर मन लावून काम करत होती आणि मी मनातल्या मनात ओरडत होते. मालक यायच्या आत तिने मला पुन्हा गोठ्यामागे लपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक गोठ्यात असताना लेकीने मला पन्हळीला टेकवलं. जावईबापूंनी एका हाताने मला धरलं. दुसऱ्या हातात मोबाइल होता. लेक चढू लागली. मी जोरात करकरले. शिडीला दुसरी भाषा कुठली?

"म्हातारी झालीय बिचारी," लेक म्हणाली.

"वजन तुझं आणि दोष तिला!" जावईबापू हसले.

तेवढ्यात नात तीच चिंधी वेणीला बांधून, चहा घेऊन गोठ्यात गेली. मालकांची नजर तिच्या वेणीवर पडली.

"ही चिंधी कुठून आणलीस गं?"

"शिडीची! घाण दिसत होती."

बाहेर माझी करकर चालूच होती. मालक धावत सुटले. किती वर्षांनी धावले असतील! "थांब! पाय ठेवू नकोस! वरची पायरी मोडकी आहे!"

लेकीचा उचललेला पाय तसाच राहिला. तिने त्या पायरीला हाताने हिसका दिला. पायरी काडीसारखी मोडून तिच्या हातात आली. जावईबापूंनी दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं. मोबाइल मातीत पडला होता.

नात रडायला लागली. "मी केलं?"

"नाही गं बाळा," मालक म्हणाले. "तू रंग दिलास. पायरी मी तशीच ठेवली होती." धाप लागून त्यांना पुढे बोलवेना. ते कुंपणाला धरून उभे होते.

लेक खाली उतरली आणि त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाबा, हा दम आजचाच आहे?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "थंडीपासून लागतोय."

त्याच दुपारी लेकीने मला नवी पायरी बसवली. मालक शेजारी बसून सांगत होते, ती ठोकत होती. निळ्यात ती एकटीच कोरी आहे.

आज सकाळी सगळे मालकांना घेऊन डॉक्टरकडे गेलेत. ऊन कलंडलं तरी गाडी आली नाही. मी भिंतीला टेकून फाटकाकडे बघतेय. माझं एवढंच मागणं आहे. पुन्हा मला रंगवू नका. भेग पडली तर ती दिसू द्या. मालकांना एवढ्यात माझ्यावर चढवू नका. पण त्यांना घरी आणा.