कोटाच्या खिशातला चमत्कार

खुर्च्या संपल्या तेव्हा लोक भिंतीला टेकले, आणि भिंती संपल्या तेव्हा दारात दाटीवाटीने उभे राहिले. वसाहतीच्या सभागृहात एवढी गर्दी पाणीकपातीच्या बैठकीलाही झाली नव्हती. कारण आज इथे फोनमधून पैसे येणार होते.

व्यासपीठावर 'सर' उभे होते. कुठल्या शाळेचे सर, ते कोणी विचारलं नव्हतं. राखाडी कोट, पांढरेशुभ्र दात आणि गालाला चिकटलेला माइक, एवढी पदवी लोकांना पुरली.

"तुमचा पैसा झोपलाय!" सर गरजले. "बँकेत घोरत पडलाय! त्याला कोण उठवणार?"

"तुम्ही!" पहिली रांग ओरडली. पहिल्या रांगेची उत्तरं नेहमी वेळेवर यायची. ती सरांच्याच गाडीतून आली होती.

मग सरांनी तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या काकूंना वर बोलावलं. काकूंनी सरांच्या 'समृद्धी योजने'त लाखभर भरले होते. "डोळे मिटा काकू. मनात शंका आणू नका. शंकेने लहरी बिघडतात."

काकूंनी डोळे मिटले. हातातला फोन वाजला. टिंग!

"चार हजार!" काकू किंचाळल्या. "अगं बाई, खरंच आले!"

"कोणी दिले?"

"योजनेनं!"

"का दिले?"

"विश्वास टाकला म्हणून!" हे मात्र पहिल्या रांगेने सांगितलं. टाळ्यांनी छताचा पंखा हलला म्हणतात. तो आधीपासूनच हलत होता.

तिसऱ्या रांगेत लॉन्ड्रीवाले बसले होते. 'फुकट ते पौष्टिक' हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. साबणावर मिळालेल्या बादल्या त्यांच्या घरात माळ्यापर्यंत पोचल्या होत्या, आणि त्या बादल्यांपायी घेतलेला साबण अजून संपायचा होता. टाळ्या थांबायच्या आत त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला: आपले नऊ लाख, लाखाला चार हजार, म्हणजे छत्तीस हजार. बसल्या जागी!

हे नऊ लाख साधे नव्हते. लॉन्ड्रीचा गाळा मालकाने विकायला काढला होता. "पहिला हक्क तुमचा," तो म्हणाला होता, "पण पुढच्या वर्षापर्यंतच. मग जो येईल त्याला देईन." वीस वर्षं वाफेत उभं राहून नवरा-बायकोने जमवलेली ती रक्कम होती. ती वेळेवर हातात नसली, तर इस्त्री डोक्यावर घेऊन रस्त्यावर यायचं.

घरी येऊन त्यांनी बूट काढायच्या आधी बातमी दिली.

"छत्तीस हजार, अगं! बसल्या जागी!"

"बसल्या जागी कोण देतं हो?" बायको म्हणाली. "तुमचा सख्खा मेहुणा उभ्या जागी शंभर उसने देत नाही."

"तुझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच खात्रीने सांगते. आणि पुढच्या वर्षी गाळ्याच्या मालकाला काय देणार? टिंग?"

"तेव्हा काढू की पैसे."

"काढताना किती येतील?"

"वाढून येतील."

"किती?"

"तुझ्यात ना, विश्वासच नाही!"

"विश्वास भरपूर आहे. आकडा नाहीये."

लॉन्ड्रीवाले रागावून न जेवता झोपणार होते, पण भूक लागली होती. जेवून रागावले.

सकाळी दुकानात निवृत्त चित्रकला मास्तर कोट न्यायला आले. धुलाईआधी खिसे तपासायचं काम बायकोचं. खिशात जे सापडेल ते पाकिटात घालून ती त्याच कपड्याला टाचून ठेवायची. मास्तरांनी सहाशेचं बिल दिलं, पाकीट उघडलं आणि त्यांचा चेहराच उजळला.

"पाचशे! वहिनी, पाचशे निघाले! काय दिवस उगवलाय! असं करा, ही शालही धुवायला घ्या. आज आपण फायद्यात आहोत."

शाल टाकून मास्तर शीळ घालत गेले. बायकोने त्यांची पाठमोरी चाल बघितली, मग नवऱ्याकडे वळली.

"काय हो, मास्तरांचा फायदा किती झाला?"

"पाचशे," लॉन्ड्रीवाले इस्त्री फिरवत म्हणाले.

"कोणाचे पाचशे?"

"त्यांचेच."

"मग शीळ कशाची?"

इस्त्री थांबली.

"आणि सहाशे दिले त्याबद्दल एक शब्द तरी बोलले का? वर शाल टाकून गेले!"

"अगं, इस्त्री… कॉलर जळतेय."

"कॉलर जळू दे. तुमचं डोकं तापतंय का ते बघा."

तापलं होतं. दुपारी बायको बँकेत जाऊन चौकशी करून आली, आणि संध्याकाळी दोघंही सभागृहात गेले. सरांची सभा आजही होती, आणि लॉन्ड्रीवाल्यांनी कालच यादीत नाव दिलं होतं. नऊ लाखांचा धनी व्यासपीठावर येताच सरांनी त्यांना मिठी मारली.

"हे बघा धाडसी माणूस! चेक आणलाय ना?"

"आणलाय. एक शंका आहे, सर."

"शंकेने लहरी बिघडतात."

"बिघडू द्या. आज मी नऊ लाख भरले आणि आत्ता, चहा गार व्हायच्या आत, परत मागितले, तर किती द्याल?"

सभागृहात हशा पिकला. सर सगळ्यांत मोठ्याने हसले. "अहो, लग्नाच्या मांडवात घटस्फोटाचं विचारताय!"

"मग विचारू द्या की," मागून बायकोचा आवाज आला. "लग्नानंतर दार कुठल्या बाजूने उघडतं, ते आत जायच्या आधीच कळलेलं बरं."

"ही दीर्घ मुदतीची दृष्टी आहे, वहिनी. समुद्र चमच्याने मोजत नाहीत."

"समुद्र राहू द्या, नऊ लाख मोजा."

तेवढ्यात शिलाईवाल्या काकू उभ्या राहिल्या. "सर, त्यांचं जाऊ द्या, माझं सांगा. माझे लाख आत्ता काढले तर?"

सरांनी कोपऱ्यातल्या मदतनीसाकडे बघून मान हलवली. मदतनीस नवा होता. त्याला वाटलं, सांग म्हणतायत. त्याने सांगितलं, "शहाऐंशी हजार."

आता पंखा खरोखर ऐकू यायला लागला.

"माझ्याकडे चार आहेत," काकू बोटं मोजत म्हणाल्या. "म्हणजे झाले नव्वद. बाकीचे दहा?"

"प्रवेश शुल्क सहा टक्के," मदतनीस उत्साहाने म्हणाला, "आणि पाच वर्षांच्या आत बाहेर पडलं तर आठ टक्के."

"म्हणजे आत जातानाच माझे सहा हजार घेतलेत? आणि त्यातलेच चार मला टिंग करून दिलेत?"

"असं नसतं बघायचं…"

"मग कसं बघू? डोळे मिटून?"

लॉन्ड्रीवाले माइककडे सरकले. भाषण त्यांना येत नव्हतं. हिशेब येत होता. "मंडळी, दरवर्षी अडीच टक्के देखरेखीचे कापतात, ते वेगळेच. वाढ होते ती शेअर बाजारामुळे, सरांमुळे नाही. त्याच बाजारात बँकेची साधी योजना अर्धा टक्का घेते. दोन्ही आकडे बायकोने बँकेतून विचारून आणलेत. फरक दोन टक्क्यांचा. माझ्या नऊ लाखांवर वर्षाला अठरा हजार. दोन वर्षांत माझे छत्तीस हजार वसूल. तिसऱ्या वर्षापासून कॅशबॅक मी सरांना देणार!"

हशा पुन्हा पिकला, पण या वेळी सर हसले नाहीत. पहिल्या रांगेने उत्तरासाठी त्यांच्याकडे बघितलं. ते गालावरचा माइक सारखा करत होते. दुसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थाने मात्र हात वर केला. "यांना नको असतील, तर यांचे छत्तीस मला मिळतील का?" अशी माणसं असतात म्हणूनच सरांच्या कोटाला इस्त्री असते.

काकूंनी पैसे काढले. दहा हजार गेले. "शिकवणीची फी," त्या म्हणाल्या, आणि रात्री उशिरापर्यंत शिलाई मशीन चालवत बसल्या. त्या दहा हजारांसाठी त्यांनी किती ब्लाउज शिवले असतील, ते मदतनीसाच्या गणकयंत्रात बसणारं नव्हतं.

लॉन्ड्रीवाल्यांनी गाळ्याचे पैसे बाजारात घातलेच नाहीत. ते साध्या मुदत ठेवीत ठेवले. खिडकीतल्या कारकुनाने जांभई देत शिक्का मारला. वर्षाच्या आत गाळ्याची कागदपत्रं झाली, आणि लॉन्ड्रीवाल्यांनी सही केली. बायकोने तिच्याखाली आपली केली. मग कागद पाकिटात घालून नीट टाचून ठेवले.

कॅशबॅक घेणं पाप नाही. कापाकापी कमी असेल तर जरूर घ्यावं, घरात आणखी एक बादली ठेवावी. पण कोणी हातावर चार ठेवले, की त्याचा दुसरा हात कुठे आहे ते आधी बघा. आत जाताना किती कापता, दरवर्षी किती, बाहेर पडताना किती? एवढे तीन प्रश्न माइकसमोर, मोठ्याने विचारा. ज्याचा माल खरा आहे तो उत्तर देईल. जो म्हणेल 'शंका नको', त्याला शंका फार महागात पडते. तुम्हाला ती फुकट आहे.