पलंगासमोरचं टॉकीज

डॉक्टर लोकांचं एक बरं असतं. "यांना रोज उठवून बसवा, नाहीतर कायमच्या पलंगाला लागतील," एवढं सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळतात. सुखवंताला उठवून बसवणं म्हणजे काय, ते मला विचारा. उभा जन्म मी शाळेत पोरांना बाकावर उभं केलं, पण बायकोला पलंगावर बसवणं काही मला जमलं नाही.

धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, जाताना ती धुऱ्याच्या निसरड्या बांधावरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. गोंदियाला ऑपरेशन झालं, सळई बसली, टाकेही सुकले. तरी ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. काही बोललं की एकच, "आता कायले उठू?" दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, तिचं नाटक आलं, तर तिने खिडकी लावून घ्यायला सांगितली. दवनीवाड्यात नांदायला आल्यापासून या बाईने एक नाटक चुकवलं नव्हतं! त्या दिवशी मी खरोखर घाबरलो.

पुण्याहून टिकेशने, आमच्या मुलाने, पार्सल पाठवलं. त्यात शिदोरीच्या डब्याएवढा काळा संगणक, तारेचा एक कीबोर्ड, एक रिमोट आणि एक पेन ड्राइव्ह. "बाबूजी, आईचे सारे जुने सिनेमे यात भरले. टीव्हीले जोडा. ते आपल्या मनानं पाहील," तो फोनवर म्हणाला. लग्नानंतर आम्ही टुरिंग टॉकीजच्या तंबूत जमिनीवर बसून पाहिलेले सिनेमे होते ते. मला वाटलं, पोरगं शहाणं निघालं.

पेन ड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर बसवताना मात्र बापलेकांची चांगलीच जुंपली. तो म्हणायचा ओके दाबा, मी म्हणायचो कोणतं ओके. सिनेमांचा फोल्डर दाखवल्यावर ते सॉफ्टवेअर नेटवरून एकेका सिनेमाचं पोस्टर शोधून आणू लागलं. एका पौराणिक सिनेमावर त्याने बंदूकवाला गोरा आणून चिकटवला. म्हटलं, राहू दे. निदान सिनेमा तरी देवाचा आहे.

टीव्हीजवळ उभं राहून मी कीबोर्डवरून सिनेमा सुरू केला. सुखवंताने जरा मान वळवली, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुमी चुरण्याले गेले का मंग याले कोन चालवंल?" धानाची मळणी सुरू होती, मी दिवसभर खळ्यावर असायचो. ती पुन्हा भिंतीकडे वळली. हिने आयुष्यात कोणाला पेलाभर पाणी मागितलं नव्हतं. आता प्रत्येक गोष्ट मागावी लागत होती, आणि हाडापेक्षा तेच तिला जास्त लागलं होतं. म्हणजे सगळा खेळ त्या रिमोटवर होता. आणि रिमोट ठार मेलेला.

सेल बदलले. सेटिंग तपासल्या. सगळं पुसून पुन्हा बसवलं. शेवटी टिकेश म्हणाला, "बाबूजी, रिमोटचं तोंड डब्याकडेच धरून राहिले ना?"

"मी काय आंधळा आहो का रे?" मी फोन आपटला आणि रिमोट तिच्या पांघरुणावर फेकला. "जाऊ दे! भंगारात विकतो हे!"

"काय करून राहिले जी तुमी सकाळपासून?" भिंतीकडून आवाज आला.

मी रडगाणं सांगितलं. ती वळली आणि डब्याकडे टक लावून बघत राहिली.

"त्याच्या तोंडाले का फासलं?"

"कुंकू. पूजा केली."

आमच्याकडे ट्रॅक्टर असो की मिक्सर, पूजेशिवाय नवी वस्तू चालू होत नाही. ते खातं तिचं. यावेळी मीच उरकलं. तेलात कुंकू कालवलं, वर अक्षता दाबल्या. डब्याच्या समोर मधोमध एक छोटी काळी काच होती. टिळा लावायला याहून बरी जागा कोणती?

"आपल्या टीव्हीले असीच काच आहे," ती म्हणाली. "तिच्यावर कपडा आला का रिमोट चालत नाही. अन् तुमी तं याचा डोळाच लिपून टाकला जी!"

आणि ती हसली. पोट धरून, खोकला येईस्तोवर हसली. मला राग यायला हवा होता, पण मी आपला येड्यासारखा उभा. मग खांद्यावरचा गमछा घेऊन पुसायला गेलो.

"नोका हात लावू! अजून फासान! आना इकडं तो डबा."

कोपर टेकवून ती उठली. मी धावलो, तर म्हणाली, "सोडा मले." चेहरा दुखण्याने वाकडा झाला, पण पाय पलंगाखाली आले आणि ती बसली. पदराने काच लख्ख पुसली. डबा मी नेऊन पुन्हा टीव्हीला जोडला, तिने बटण दाबलं, आणि पडद्यावर बंदूकवाला गोरा जाऊन दुसरा सिनेमा आला.

"आता समोर उभे काऊन आहा? दिसून नाही राहिलं. जा ना चुरण्याले!"

गेलो. पण अंगणापर्यंतच. पायरीवर बसून मी गमछ्यात तोंड खुपसलं आणि मनसोक्त रडलो. किती दिवसांनी छाती हलकी झाली होती.

तेवढ्यात टिकेशचा फोन. "बाबूजी, चालला का रिमोट?"

मी सांगणार, तोच आतून सुखवंता ओरडली, "कोन आहे? टिकेश आहे का? आवाज कसा वाढवाचा, इचारा त्याले! अन् जेवला का तो?"

मी फोन दाराकडे धरला, पोरालाही तिचा आवाज ऐकू यावा म्हणून.