व्हर्सायचा आरसा, मुक्काम ट्रॉय

मी एक जुना, पुरुषभर उंचीचा आरसा आहे आणि मित्रांनो, मी रागावलो आहे. आरशाने रागावू नये असं म्हणतात. म्हणणारे कधी सात वर्षं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेले नसतात.

माझा जन्म ओहायोतल्या एका काचेच्या कारखान्यात झाला. पुढे डेट्रॉइटच्या एका दुकानात, कपडे घालून बघायच्या खोलीत मी नोकरी केली. वीस वर्षं लोकांनी माझ्यासमोर पोट आत घेतलं. मी कुणाला काही बोललो नाही. दुकान बंद पडलं आणि जुन्या सामानाच्या एका गराज सेलमधून मी जवळच्याच ट्रॉय गावी, अतुलकाकांच्या बेसमेंटमध्ये आलो. अतुलकाका मोटारींचे आरसे बनवणारे इंजिनियर. मला वाटलं, भाऊबंदांत आलो. त्यांनी मला घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारी टेकवलं. तिथे मला पुसलं ते फक्त त्यांच्या मुलीने, विनीताने. व्हिनेगर आणि वर्तमानपत्राचा बोळा घेऊन.

१९८६ साली विनीता तेरा वर्षांची होती. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवासाठी तिने नाटक लिहिलं. शाळेत फ्रान्सचा इतिहास शिकवला होता, त्यात तिने पदरची भर घातली. व्हर्साय गावी राजाने दलदलीत राजवाडा बांधला. राजा व्हॅम्पायर होता. बांधकामावरचे मजूर संपले, ते तापाने गेले असं दप्तरी लिहिलं. मग राजाने सरदारांना वाड्यातच राहायला बोलावलं, म्हणजे रोज ताजे मिळतील. सरदार तरी कसे! राजा चावला की मानेवरची खूण मिरवत फिरायचे. ज्याला चावला नाही, तो रुसून जेवायचा नाही.

"पण विनू," अतुलकाकांनी विचारलं, "व्हॅम्पायर आरशात दिसत नाही ना? मग हा राजा आरसेमहाल कशाला बांधेल?"

"बिकॉज, बाबा, सगळे स्वतःलाच बघत बसतील. राजा दिसत नाहीये हे कोण नोटिस करणार?"

मित्रांनो, मी जन्माचा आरसा. हे मलाही सुचलं नव्हतं.

शेवटच्या प्रवेशात पाव मागायला चालत आलेल्या बाजारातल्या बायका दरबारातला आरसा राजाकडे फिरवतात. राजा त्यात दिसत नाही आणि त्याचा खेळ खलास होतो. अडचण एकच होती. राजा झालेली सीमा माझ्यात मिशांसकट ठसठशीत दिसत होती.

"काच काढून टाकू," अतुलकाका म्हणाले. "नुसती चौकट ठेवू."

आणि म्हणे भाऊबंद!

"नो वे! आरसा इज माय बेस्ट ॲक्टर," विनीता मला पाठीशी घालत म्हणाली.

मग काकांनी माझ्या मागच्या बाजूला पाचरी ठोकल्या. मी जरा पुढे झुकलो. जिन्यावर बसून बघितलं, तर माझ्यात सीमा नव्हती. जिन्याखालच्या खुर्च्या दिसत होत्या.

"झालं," काका म्हणाले. "मागच्या लोकांना राजाऐवजी पहिली रांग दिसेल."

मंडळाने एका शाळेचा चढत्या रांगांचा हॉल घेतला होता. नाटक चार वाजता होतं. साडेतीनला अध्यक्ष दिगंबरकाका 'नव्या पिढीची मराठी कशी टिकवावी' यावर बोलायला उभे राहिले. पाच वाजता नवी पिढी विंगेत दाढ्या-मिशा लावून घामाने निथळत होती आणि काका अजून ती टिकवत होते. मग कमिटीच्या बाराही जणांचा सत्कार. अध्यक्षांनी सचिवांना शाल-नारळ दिला. सचिवांनी अध्यक्षांना दिला. खजिनदार राहिले म्हणून पुन्हा सगळे उभे राहिले.

मग दिगंबरकाका विंगेत आले. "बेटा, यंदा नाटक कॅन्सल करू या. जेवण गार होतंय. नेक्स्ट इयर फर्स्ट आयटम तुझा."

"काका, लास्ट इयर पण तुम्ही हेच म्हणालात."

काकांनी माझ्यात बघून भांग नीट केला आणि ते गेले. तो चेहरा मला दाखवावा लागला, याचा संताप अजून माझ्या काचेत आहे. विनीता रडली नाही. ती मुकुट गोळा करू लागली.

पडद्याची दोरी सुलभाकाकूंकडे होती. "ठेव तो मुकुट," त्या म्हणाल्या. "जेवण गार झालं तर तापवता येतं. पोरं गार झाली की नाही तापत. हं, जागा घ्या!" आणि त्यांनी दोरी ओढली.

नाटक रंगलं. मागच्या रांगा पुढे वाकून ऐकत होत्या. बाजारातल्या बायका आल्या, त्यांनी मला फिरवलं आणि विनीता गरजली, "बघा! कुठे आहे तुमचा राजा?"

सगळ्या हॉलने माझ्यात पाहिलं. माझ्यात पहिली रांग होती. बारा खुर्च्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर शाल, प्रत्येक बैठकीवर नारळ. माणूस एकही नाही. कमिटी पुढे होऊन जेवायला बसली होती.

मग मागून एक चिमुकला आवाज आला, "मॉमी! नो रिफ्लेक्शन! दे आर ऑल व्हॅम्पायर्स!"

हॉल हसून कोसळला. तो गलका ऐकून बाजूच्या दारातून दिगंबरकाका धावत आले. पंगतीत बीटाची कोशिंबीर होती. ती त्यांच्या ओठांवरून हनुवटीवर उतरली होती.

"कोशिंबीर आहे ती!" काका ओरडले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

विनीता मात्र हसली नाही. हॉल शांत होईपर्यंत ती थांबली, आपलं शेवटचं वाक्य तिने पूर्ण म्हटलं, आणि मगच पडदा पडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पुढच्या वर्षीच्या पत्रकात एक नवा नियम छापून आला: 'रंगमंचावर आरसा आणू नये.' मुलांचं नाटक शेवटीच होतं. तेव्हापासून सात वर्षं मी पुन्हा फर्नेसशेजारी, भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. धुळीचं मला काही नाही. पण मुलांचा पडदा उघडला की आपापल्या खुर्चीत बसत जा. शालीला बसवून जेवायला जाऊ नका. शाल टाळ्या वाजवत नाही, आणि त्या दिवशी कोणकोणत्या खुर्च्या रिकाम्या होत्या, ते मला डावीकडून उजवीकडे पाठ आहे.