बाजूचे ताण

एकोणपन्नासच्या जानेवारीत सोनखेडच्या पुलाची फाइल मुकुंदराव बिदरकरांच्या टेबलावर आली. वर नव्या चीफ इंजिनिअरांची चिठ्ठी टाचलेली होती. चौकशी समितीसाठी सगळ्या उर्दू कागदांचा इंग्रजी तर्जुमा आठ दिवसांत हवा होता.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला चार महिने झाले होते. खात्यात मद्रास-मुंबईकडून नवे अंमलदार येऊन बसले होते आणि त्यांना उर्दूतला अलिफही ओळखू येत नव्हता. मुकुंदराव काचीगुड्यातल्या वकील घराण्यातले. वडील भगवंतराव उर्दूत अर्ज लिहून म्हातारे झाले, आणि मुकुंदराव इंजिनिअरीसुद्धा उर्दूतच शिकले. इंग्रजीवरही हात बसलेला. तेव्हा हे काम फिरून फिरून त्यांच्याकडेच येणार, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही ती फाइल त्यांनी दुपारपर्यंत उघडली नाही.

सतराव्या पानावर त्यांचंच अक्षर होतं. ‘पुलाचे बाजूचे ताण बसवून कसून घेतले आहेत. रहदारी सुरू करण्यास हरकत नाही.’ खाली सही, आणि अठ्ठेचाळीसच्या जुलैतली तारीख.

ताण बसवलेले नव्हते.

सोनखेडचा झुलता पूल मांजरा नदीवर होता. दोन काठांवर दगडी बुरूज, त्यांवरून ओढलेले पोलादी दोर, दोरांना टांगलेली चारशे वीस फुटांची फळ्यांची वाट. आराखडा इफ्तेखार अलींचा. ते मुकुंदरावांचे वरिष्ठ. विलायतेत शिकलेले, तोंडानं फटकळ, आणि कागदावरची एक चुकलेली रेघही खपवून न घेणारे. त्यांनी पहिल्या दिवशीच मुकुंदरावांना समोर बसवून सांगितलं होतं, "पूल वजनानं पडत नसतो, मुकुंदराव. वजन मोजता येतं. झुलत्या पुलाला खरी भीती वाऱ्याची. आणि तीही वादळाची नव्हे. एकसारखा, बेताचा वारा वाहत राहिला की पूल त्याचा ठेका पकडतो. झोपाळ्याला कुणी दर खेपेला बरोबर वेळेवर हात लावावा तसं होतं. एक कड वर, दुसरी खाली, मग उलट. पीळ वाढत जातो. अमेरिकेत एवढा मोठा पूल असाच कापडासारखा पिळवटून पडला. हवा को हलके में मत लेना."

त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे बाजूचे ताण. पुलाच्या दोन्ही कडांपासून खाली काठावरच्या खडकापर्यंत तिरपे ओढलेले दहा दोर. कड वर उचलू लागली की ताण तिला धरून ठेवणार आणि वाऱ्याचा ठेका मोडणार. ताण बसल्याखेरीज पूल उघडायचा नाही, असा त्यांचा लेखी हुकूम फाइलीत होताच.

दहा दोरांची वेटोळी जून महिन्यात सिकंदराबादच्या गोदामात येऊन पडली. ती घेऊन मुकुंदरावांनी सोनखेडला जायचं आणि स्वतः उभं राहून बसवून घ्यायची, असं ठरलं. पण तो उन्हाळा आणि तो पावसाळा कसा होता, हे हैदराबादेतल्या माणसांना सांगायला नको. रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या, सरहद्दीवरून उलट हल्ले होत होते, गावं ओस पडत होती. साइटवरचा ओव्हरसिअर एक दिवस न सांगता सोलापूरकडे निघून गेला. मुकुंदरावांची बायको सत्यवती सात महिन्यांची गरोदर होती. सोमवारी निघायचं होतं, आणि रविवारी बातमी आली की त्याच रस्त्यावर लॉरी अडवून चौघांना कापलं. मुकुंदराव गेले नाहीत. पुढच्या सोमवारीही गेले नाहीत.

मग वरून विचारणा आली की पूल कधी उघडता. पलीकडच्या गावांना बाजार तुटला आहे, नदी भरली आहे, नाव चालत नाही. मुकुंदरावांनी ऑफिसात बसून ते दोन ओळींचं पत्र लिहिलं. लिहिताना त्यांनी मनाची समजूत घातली की आठ दिवसांत जे खरं होणारच आहे तेच आपण आज लिहितो आहोत. इफ्तेखार अलींनी त्या पत्रावर भरवसा ठेवून मंजुरीची सही केली.

ऑगस्टमध्ये एका दुपारी वारा सुटला. फार नव्हता. पूल अर्धा तास पिळवटत राहिला आणि मधली वाट तुटून पुरात गेली. तीन माणसं वाहून गेली. एक कासार, एक शेतकरी, आणि अंबाजी कोळ्याची बायको गंगू. खाली ताण होते की नव्हते ते सांगायला पुरानं काही मागे ठेवलं नाही, आणि तपासायला जाण्यासारखे दिवसही नव्हते. महिन्याभरात फौजा आल्या, राज्यच पालटलं. गोदामातली वेटोळी दुसऱ्या कुठल्या कामाला लागली.

आता ते सतरावं पान समोर होतं. खरं सांगायची ती वेळ होती. मुकुंदरावांनी पेन उचललं आणि आपल्याच ओळीचा शब्दाला शब्द इंग्रजीत उतरवला. तर्जुम्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

समितीची बैठक आबिड्सजवळच्या एका कचेरीत झाली. इफ्तेखार अली शेरवानी घालून आले होते. त्या दिवसांत त्यांच्यासारख्या किती अधिकाऱ्यांवर कसल्या कसल्या चौकश्या चालू होत्या. कुणी आजारपण सांगे, कुणी हाताखालच्या माणसाचं नाव घेई. इफ्तेखार अलींनी तर्जुमा वाचला, चष्मा काढला आणि इंग्रजीत म्हणाले, "माझ्या सहायकानं ताण बसवले होते. तरी पूल पडला. म्हणजे गणित माझं चुकलं. कुठं चुकलं ते मला अजून सापडलेलं नाही, पण जबाबदारी माझी."

मुकुंदराव तीन खुर्च्या पलीकडे बसले होते. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

"नाही, सर," मुकुंदराव म्हणाले.

एप्रिलात इफ्तेखार अलींना सक्तीनं निवृत्त केल्याचा हुकूम निघाला. जूनमध्ये मुकुंदरावांना बढती मिळाली. समितीच्या अहवालात एक वाक्य होतं: बाजूचे ताण निरुपयोगी ठरतात. त्या वाक्यावर बोट ठेवून खात्यानं जिल्ह्यातल्या आणखी दोन झुलत्या पुलांचे ताण रद्द केले. तो कागद मुकुंदरावांच्या हातून पुढे गेला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला उर्दूत एक कार्ड आलं. ‘फुरसत असल्यास इतवारी या. एका गणितात मदत हवी आहे. इ. अली.’

तारनाक्याच्या अलीकडे त्यांचं बैठं घर होतं. निम्मं सामान बांधलेलं; धाकटा भाऊ कराचीला निघाला होता, स्वतः ते जाणार नव्हते. व्हरांड्यात टेबलावर कागदांचा ढीग होता. त्यांनी मुकुंदरावांना चहा दिला आणि ढीग पुढे सरकवला.

"पाचव्यांदा केलं," ते म्हणाले. "वाऱ्याचा जोर दीडपट धरला, दोर जुने धरले. तरी पीळ वाढत नाही. ताण त्याला धरतातच. कहीं तो ग़लती है. तुमचे डोळे तरुण आहेत, बघा जरा."

मुकुंदरावांनी पानं उलटली. एकेक आकडा मोत्यासारखा लिहिलेला. चूक कुठंच नव्हती, आणि ती नसणार हे त्यांना आधीच माहीत होतं.

"ती बाई होती ना, गंगू," इफ्तेखार अली मध्येच म्हणाले, "तिला मुलं होती का? तुम्हाला माहीत आहे?"

मुकुंदरावांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. हातातलं पान टेबलावर ठेवून ते म्हणाले, "साहेब, ताण बसवलेच नव्हते."

"ढिले बसवले होते?"

"बसवलेच नव्हते. दोर सिकंदराबादला गोदामात होते. मी सोनखेडला गेलोच नाही. मी घाबरलो आणि इथं बसून ते पत्र लिहिलं."

इफ्तेखार अलींनी टेबलावरचं ते पान उचलून शेवटचा आकडा पाहिला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे गणित बरोबर आहे."

त्यांचा चेहरा क्षणभर असा सैल झाला की मुकुंदरावांना वाटलं, हे आता हसतील. पण ते सैलपण टिकलं नाही.

"एक वर्ष," ते म्हणाले. "एक वर्ष मी नमाजला उभा राहिलो की आधी त्या तिघांची माफी मागतो."

त्यांनी कागदांचा ढीग सारखा केला आणि त्यावर हात ठेवला.

"मला सांगायचं होतंत की भीती वाटते. मी म्हटलं असतं, मत जाओ. पूल बंद ठेवला असता. एवढंच होतं, मुकुंदराव. एवढंच."

"साहेब, मी उद्याच समितीला लिहून देतो. तुमचं नाव—"

"माझं नाव राहू दे. ते दुसरे दोन पूल. त्यांचे ताण तुम्ही लोकांनी काढलेत. आषाढातला वारा निघून गेला, पुढच्या आषाढाआधी ते बसले पाहिजेत. आधी ते करा." ते उठून उभे राहिले. "आणि यहाँ फिर मत आइए."

घरी आल्यावर मुकुंदरावांनी सत्यवतीला सगळं सांगितलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अकरा महिन्यांची निर्मला तिच्या मांडीवर झोपली होती.

"मला दिवस होते म्हणून गेला नाहीत, असं सांगितलंत का त्यांना?" तिनं विचारलं.

"नाही."

"सांगूही नका. कुणालाच. मी तुम्हाला जाऊ नका म्हटलं नव्हतं." तिनं मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "उद्या लवकर निघा."

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच मुकुंदरावांनी चीफ साहेबांपुढे कबुलीचा कागद ठेवला. चीफ माणूस वाईट नव्हता. त्यानं तो दोनदा वाचला, लगेच दोन्ही पुलांचे ताण परत मंजूर केले आणि कागद टेबलाच्या खणात टाकला.

"बाकीचं विसरा," तो म्हणाला. "अहवाल वर मंजूर झालाय. तो उघडायचा म्हणजे किती जणांच्या केसेस उघडाव्या लागतील? आणि त्या गृहस्थाला परत घेतील असं वाटतं तुम्हाला? या दिवसांत? ते काही परत येणार नाहीत. तुम्ही मात्र जाल. तुमच्या घरी लहान मूल आहे ना?"

मुकुंदराव आग्रह धरू शकले असते. वर लिहू शकले असते, वर्तमानपत्रात जाऊ शकले असते. ते "बरं, सर," म्हणाले. जिना उतरताना त्यांना हलकं वाटलं, आणि पुढं कितीतरी दिवस त्यांना सगळ्यात जास्त लाज त्या हलकेपणाचीच वाटत राहिली.

एकावन्न साली सोनखेडचा पूल पुन्हा बांधायला निघाला, तो त्यांच्याच हाताखाली. आराखडा इफ्तेखार अलींचाच घेतला. आराखड्यावर त्यांचं नाव मात्र नव्हतं. दहाही ताण त्यांनी स्वतः खडकाशी उभं राहून आवळून घेतले. आषाढात ते मुद्दाम तिथं मुक्कामाला राहिले. वारा सुटला की पुलाच्या मध्यावर जाऊन उभे राहत. फळ्या पायाखाली थरथरत, पण कड उचलत नसे.

तिसऱ्या दिवशी काठावर एक उंच, वाळका माणूस येऊन बसला. पूर्वी इथं नाव चालवणारा अंबाजी कोळी.

"ह्यो पूल चांगला झाला सायेब," तो म्हणाला. "पैल्या सायबाचा खोटा होता म्हनं. माजी बाईल गेली त्येच्यात. आमी लै शिव्या घातल्या त्या मानसाला."

मुकुंदराव त्याच्या शेजारी खडकावर बसले. "त्या साहेबांची चूक नव्हती, अंबाजी. हे खालचे दोर तेव्हा मी बसवले नाहीत, आणि बसवले म्हणून खोटं लिहिलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

अंबाजीनं वळून दोराकडे पाहिलं. उठला, त्याच्याजवळ गेला, हातानं दाबून पाहिला. "हे असते तर पडला नसता?"

"नसता."

तो तिथंच पाठमोरा उभा राहिला. दोन बायका डोक्यावर पाट्या घेऊन पुलावरून पलीकडे गेल्या, त्यांच्याकडे तो पाहत राहिला. मग म्हणाला, "दोन पोरी हैत मला. त्यायला काय सांगू?"

अंबाजी दोर सोडून परत खडकाकडे आला.

"ते सायेब हैत का अजून?"

"आहेत. हैदराबादला, तारनाक्याजवळ."

"पत्ता लिवून द्या. घातल्याल्या शिव्या परत घ्याया पायजेत."

मुकुंदरावांनी खिशातली वही काढली. "मी येऊ का तुमच्याबरोबर?"

"नगं. तुमी कशाला?" अंबाजी म्हणाला. "उर्दूत लिवा. तिथं मानसांला दाखवाया बरं पडंल."

मुकुंदरावांनी पत्ता उर्दूत लिहिला, पान फाडून दिलं. अंबाजीनं ते घडी करून पटक्यात खोचलं, आणि पलीकडून हैदराबादकडे मोटार जायची म्हणून पुलावरून चालू लागला. मध्यावर वारा लागला तेव्हा तो थांबला, दोन्ही हातांनी कठडा धरून थोडा वेळ खालच्या पाण्याकडे पाहत राहिला. मग पलीकडे गेला.