एकेचाळिसाव्या फलकाची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. बांबूची, तेरा पायऱ्यांची. एका बुरुडाने मला घडवले आणि फलक बांधणाऱ्या एका जोडप्याला विकले. नवरा चांगलाच बुटका, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. तो वर चढे आणि बायको खाली मला घट्ट धरून उभी राही. दुकानांचे, शाळांचे, एकदा तर सर्कशीचे फलक आम्ही लावले. “तुझ्याशिवाय माझी उंची ती काय!” असे म्हणून तो मला थोपटत असे. मला फार बरे वाटे.

मग देशाची मोठी निवडणूक आली. निवडणुकीत उमेदवाराने ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करायचा नसतो. पैसेवाल्याचाच चेहरा जिकडेतिकडे दिसू नये, साध्या माणसालाही उभे राहता यावे, म्हणून हा नियम. मला तो आवडला. आम्हाला काम देणाऱ्या उमेदवाराच्या कचेरीत भिंतीवर खर्चाच्या हिशेबाचा कागद होता : फलक चाळीस. चाळिसावा सोमवारी लागला. मला वाटले, आपण सुटलो.

मंगळवारी सकाळी टेम्पो भरून फलक आले. घाई इतकी, की बायकोला दुसऱ्या रस्त्यावर पाठवले. मला धरायला कोणीच उरले नाही. लंबू पहिल्याच फलकाची गाठ मारत होता, तोच वाऱ्याने फलक फुगला, माझा पाय फरशीवरून घसरला आणि तो खाली आला. कंबरेचे हाड मोडले. मित्रांनो, तो आवाज मी ऐकला आहे.

बायको कचेरीत गेली. मलाही खांद्यावर घेऊन गेली, साक्षीला.

“साहेब, डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणतात. काहीतरी करा.”

“वहिनी, फलक चाळीसच लागलेत,” हिशेबनीस म्हणाला. “चाळिसावा तर सोमवारी लागला. मग हे मंगळवारी पडले कशावरून?”

“अहो, ह्या शिडीवरून!”

“तसं नाही हो. तुम्हाला पैसे दिले, तर ते कशाचे हे लिहावं लागेल. मग सगळंच बाहेर येईल.”

हे तो टेबलाकडे बघत बोलला. खिडकीतून तोच एकेचाळिसावा फलक दिसत होता. त्यावर उमेदवार छान हसत होते.

ऑपरेशन झालेच नाही. आता बायको चढते आणि लंबू जमिनीवर बसून मला धरतो. ती खाली उतरेपर्यंत तो पकड सोडत नाही. परवा पुन्हा निवडणुकीचे फलक आले. पहिल्या पायरीवर पाय ठेवून तिने विचारले, “हा कागदावर आहे का?”

“तुम्हाला काय करायचंय? बांधा की!” टेम्पोवाला म्हणाला.

घरात पीठ संपले होते. ती चढली.

मित्रांनो, माझे काय, मी उद्या चुलीत गेले तरी चालेल. पण तुम्ही मोठे झालात की आपल्या रस्त्यावरचे फलक मोजा आणि कागदाशी ताडून पाहा. जास्तीचा फलक दिसला, तर तोही कोणीतरी वर चढूनच बांधलेला असतो. तो माणूस खाली नीट उतरला का, तेवढे विचारा.